कफचं प्रेशर बोटाला कळत नाही

रात्रीचे अडीच वाजले होते, श्रावणातली रात्र, बाहेर पावसाची रिपरिप चालू, आणि बेड नंबर चारवरून तो आवाज आला. गुरगुर. चूळ भरताना घशात पाणी खेळवतो ना आपण, तसा. आयसीयूत १३ वर्षं काढलेल्या माणसाला हा आवाज डोळा लागलेला असला तरी कळतो. व्हेंटिलेटर ३८० एमएल हवा आत ढकलायलाय आणि परत येताना स्क्रीनवर २५० च्या आसपासच दिसायलीय, म्हणजे उरलेली हवा नळीच्या बाजूनं वर येऊन तोंडातून निघून चाललीय.

पेशंट १९ वर्षांची पोरगी. मण्यार चावलेली. जमिनीवर झोपली होती, रात्री चावा कळला पण नाही, पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोलता येईना, आमच्याकडं आणेपर्यंत श्वास वरवरचा चालू होता. मण्यारीचं विष नसा आणि स्नायू जिथं जोडतात तिथं जाऊन बसतं, एकदा बसलं की अँटीव्हेनम देऊनही लगेच सुटत नाही, शरीरानं स्वतः दुरुस्ती करेपर्यंत व्हेंटिलेटरनं श्वास द्यायचा आणि वाट बघायची. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, हा पेशंट कधीकधी पूर्ण शुद्धीत असतो. पापणी उचलता येत नाही, बोट हलत नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हणून त्या बेडजवळ मी कुणाला फालतू बोलू देत नाही.

तर, गुरगुर ऐकून नवीन सिस्टर धावली, "सर, कफ लीक व्हायलाय, हवा टाकू?" आणि मी पोचेपर्यंत तिनं सिरिंजनं तीन एमएल टाकली पण होती. आवाज दोन मिनिटं थांबला, परत चालू. ती अजून टाकणार होती, मी हात धरला, गेज, म्हणजे कफमधलं प्रेशर मोजायचं छोटं घड्याळ, लावलं. ४४. इतकं प्रेशर असून आवाज येतोच आहे, म्हणजे हवा कमी पडलेली नाही, भानगड दुसरीच आहे.

ती काय होती ते सांगतो, पण आधी हा कफ (खोकल्यातला नव्हे, नळीवरचा) काय असतो ते सांगावं लागेल, कारण ही पोस्ट नर्सिंगची पोरं वाचतील तशी ज्यांचं माणूस आयसीयूत आहे ते पण वाचतील.

माणसाला स्वतःचा श्वास जमत नसला की तोंडातून श्वासनळीत एक प्लॅस्टिकची नळी घालतात, ईटी ट्यूब. दिवस लांबले तर गळ्याला पुढून छेद देऊन तिथून छोटी नळी, ती ट्रॅकिओस्टॉमी. दोन्हीच्या आतल्या टोकाजवळ एक फुगा असतो, तो कफ. तो आपल्याला दिसत नाही. बाहेर एका बारीक नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा दुसरा फुगा लोंबत असतो, बऱ्याच वेळा निळा, त्याला पायलट बलून म्हणतात, त्याच्या झडपेत सिरिंज लावून हवा भरायची. आत काय चाललंय त्याचा निरोप एवढाच, बाकी डोळ्याला काही नाही.

फुग्याची कामं दोन. मशीननं दिलेली हवा फुफ्फुसात जावी, वर निसटू नये. आणि तोंडातली लाळ, घशातला बेडका, पोटातून उलटून आलेलं, हे खाली उतरू नये. १९२८ साली ग्युडेल आणि वॉटर्स या अमेरिकेतल्या दोन भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कफवाली नळी मांडली तेव्हा लोकांना पटवायला ग्युडेलनं आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून, कफ फुगवून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं होतं. पाण्याखाली कुत्रा निवांत श्वास घेतोय, बाहेर काढल्यावर उठला, अंग झटकलं. त्या कुत्र्याचं नावच एअरवे होतं. पहिल्या दिवशी शिकाऊ पोरांना मी ही गोष्ट सांगतो, कारण ती ऐकली की कफ कशासाठी आहे ते पुन्हा सांगावं लागत नाही.

आता फुगा ढिला राहिला तर वरचं साचलेलं पाणी हळूहळू बाजूनं झिरपतं, फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. घट्ट झाला तर श्वासनळीच्या आतल्या नाजूक अस्तराचं रक्त बंद होतं. जू घासून बैलाचा खांदा येतो ना, शेतकऱ्याच्या घरच्याला सांगायला नको, तसंच, फक्त इथं जखम आत आहे आणि बैल बोलू शकत नाही तसा हा पेशंट पण बोलू शकत नाही. दाब तसाच राहिला तर अस्तर मरतं, खालची कूर्चा, म्हणजे नळीचं मऊ हाड, उघडी पडते, मऊ होते, पुढं भरताना आकसते. श्वासनळीच्या मागं लगेच अन्ननलिका, फार वाईट झालं तर दोघींच्या मध्ये भोक पडतं.

म्हणून मधला आकडा, २० ते ३० सेंटीमीटर पाणी. पाण्याचे सेंटीमीटर ऐकून पोरं गोंधळतात. मी हात पसरून दाखवतो, वीत. वितभर उंच पाण्याचा जो दाब असतो तेवढाच पाहिजे, फार तर वर चार बोटं. लातूरकरांना हे चटकन कळतं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात घरातल्या ड्रममध्ये किती वीत पाणी उरलंय हे बघतच दिवस काढलेत आपण. ३० च्या वर का नको, तर १९८४ मध्ये सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी ऑपरेशनच्या ४० पेशंटच्या श्वासनळीत दुर्बीण घालून, चार प्रकारचे कफ वापरून, अस्तराचं रक्त कसं कमी होतं ते फोटो काढून दाखवलं आणि ३० सेंटीमीटरची हद्द सांगितली. ती आजही चालते. आणि ३० ही धडधाकट बीपीची हद्द आहे बरं का. ज्याचं बीपी ८० वर आलंय, नॉरअॅड (बीपी वाढवायचं औषध) चालू आहे, त्याच्या अस्तराला रक्त आधीच कमी मिळायलंय, तिथं मी २५ च्या पुढं शक्यतो जात नाही.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं का, तर पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलं होतं. हातात नव्हतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात होतो, नाव घेत नाही. तिथं औशाकडचा एक शेतकरी आला होता, ३४ वय, फवारणीचं औषध पोटात गेलेलं. आमच्या भागातल्या आयसीयूत हे पेशंट बारा महिने असतात. अॅट्रोपिनवर, म्हणजे त्या विषाच्या उताऱ्यावर, पहिले दोन दिवस जातात, तोंडातून फेस, लाळ, सक्शन करून हात दुखतात, आणि आता बरा व्हायलाय वाटतं तोवर मान उचलता येईना, श्वास कमी, परत नळी, आणि मग आठवडे. हा १९ दिवस होता नळीवर. वाचला. बायको आमच्या पाया पडायला लागली, आम्ही पण खूष, पेढे वाटले त्यांनी.

दीड महिन्यानं तो परत आला. दम लागतोय म्हणून गावात दाखवलं होतं, दमा म्हणून पंप चालू केला होता, पंपानं काही फरक नाही. मी त्याच्यासमोर बसून ऐकलं, श्वास आत घेताना घरघर व्हायची, लांबूनसुद्धा ऐकू येईल अशी. दम्याची शिट्टी जास्त करून श्वास सोडताना असते, ही आत घेताना. सीटी काढला. श्वासनळी एका जागी आकसून पेन्सिलीएवढी झालेली, आणि ती जागा तीच, जिथं १९ दिवस कफ बसलेला होता. हैदराबादला पाठवावं लागलं, तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. विषातून वाचलेला माणूस आम्ही लावलेल्या फुग्यानं पुन्हा टेबलवर गेला.

त्या रात्री मी त्याची जुनी फाईल काढून बसलो. बीपी दर तासाला, शुगर, युरिन, सगळं लिहिलेलं. कफ प्रेशरचा एकही आकडा नाही. १९ दिवसांत एक नाही. प्रत्येक शिफ्टला आम्ही पायलट बलून बोटानं दाबून बघायचो, टणक लागला की ठीक म्हणायचो, मी स्वतः दाबायचो. माझ्याच अक्षरात तीन ठिकाणी लिहिलंय, कफ ओके. कशावरून ओके?

मॉनिटरवर ईसीजी, ऑक्सिजन, बीपी सगळं दिसतं, कमीजास्त झालं की बोंब मारतं. कफचा अलार्म नाही. जोवर कुणी जाऊन मोजत नाही तोवर तो आकडा अस्तित्वातच नसतो. आणि बोट? सायकलच्या टायरला बोट चालतं, इथं नाही चालत. मी गेज आलं तेव्हा सगळ्यांना करून बघायला लावलं, आधी दाबून अंदाज सांगा, मग गेज लावू. मी २५ म्हणालो होतो, ५८ निघालं. आमच्या जुन्या सिस्टर, त्यांचा हात आमच्यात सगळ्यात तयार, त्या म्हणाल्या बरोबर आहे, तो निघाला १४ वर. दोन मोठ्या भुलीच्या डॉक्टरांचे अंदाज पण चुकले. अनुभव वाढल्यानं बोटाला पाण्याचे सेंटीमीटर कळत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

ते गेज सुद्धा सहजासहजी आलं नाही. व्हेंटिलेटर घ्यायला पैसे असतात, ह्या छोट्या घड्याळाला नसतात. शेवटी आम्ही स्टाफनी वर्गणी काढून पहिलं घेतलं. ज्यांच्याकडं अजून नाही ते बीपीच्या डायलला थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि सिरिंज लावून जुगाड करतात, काहीच नसण्यापेक्षा बरं, पण एक लक्षात ठेवा, बीपीचा डायल पाऱ्याचे मिलिमीटर दाखवतो. त्याच्यावर ३० बघून खूष झालात तर ते ४१ सेंटीमीटर पाणी झालं. पाऱ्यात हद्द १५ ते २२ आहे. हे मी मोठ्या अक्षरात लिहून ट्रॉलीवर चिकटवलंय.

गेज लावायची पण एक खुबी आहे. रिकामी रबरी नळी कफला जोडली की कफमधली थोडी हवा त्या नळीत जाते, म्हणजे मोजता मोजताच प्रेशर पडतं. सारखं सारखं नुसतं बघत बसलात तर बघूनबघून कफ ढिला कराल. म्हणून लावलं की बघायचं, तिथंच पंप दाबून २५ ते २८ ला आणून ठेवायचं, सुई थांबली की झटक्यात काढायचं, वेळ आणि आकडा चार्टवर. पेशंट खोकत असताना वाचू नका, खोकल्याला सुई उडी मारते, शांत होऊ द्या, श्वास सोडून झाला की वाचा.

आमच्याकडं आठ तासांनी तर बघतोच, हँडओव्हरला दोघांनी मिळून. पण घड्याळापेक्षा प्रसंगाला जास्त महत्त्व. कूस बदलली, सीटीला नेऊन आणलं, नळीची पट्टी बदलली, की बघायचं. ऑपरेशन थिएटरमधून आलेला असेल तर बेडवर घेतल्या घेतल्या पहिलं कफ, कारण भुलीत नायट्रस वापरला असला तर तो वायू कफच्या पातळ भिंतीतून आत शिरतो आणि कुणी हात न लावता प्रेशर वाढवून ठेवतो. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये पेशंट पालथे घालायचो तेव्हा मान एका बाजूला वळवली की प्रेशर बदललेलं असायचं, पीपीई किट घालून घामात ते गेज हाताळायचो, तरी सोडलं नाही. विमानानं हलवायचा पेशंट असेल तर वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि कफ फुगतो, सोबत जाणाऱ्यानं गेज बरोबर ठेवावं.

जुन्या लोकांकडून एक गोष्ट अजून ऐकू येते, दर तासाला पाच मिनिटं कफ सोडायचा म्हणजे अस्तराला आराम. ते जुन्या लाल रबरी नळ्यांच्या काळातलं आहे, त्यांचा कफ छोटा आणि कडक होता. आताचे कफ मोठे आणि मऊ आहेत, थोड्या दाबात बसतात. पाच मिनिटं सोडलं की वर साचलेली सगळी घाण एका दमात खाली, कृपा करून करू नका. आणि ह्या मऊ कफला पण सुरकुत्या पडतात, प्रेशर बरोबर असलं तरी सुरकुतीतून थोडं झिरपतंच. म्हणून कफच्या जोडीला डोक्याकडची बाजू ३० ते ४५ डिग्री वर, तोंडाची स्वच्छता, आणि ज्या नळीला कफच्या वरचं ओढायची वेगळी सोय असते ती असली तर उत्तमच.

आता परत बेड चार.

४४ प्रेशर आणि तरी गुरगुर. मी टॉर्च मारून दातापाशी नळीवरचा आकडा बघितला. संध्याकाळच्या चार्टवर २१ लिहिलं होतं. आता १७ दिसत होता. लाळेनं पट्टी ओली होऊन सुटली होती, नळी चार सेंटीमीटर वर सरकली होती, म्हणजे फुगा श्वासनळीतून निघून स्वरयंत्राच्या दारात येऊन बसला होता. तिथं तो कितीही फुगवा, धड बसणारच नाही, उलट आवाजाच्या पट्ट्या चेंगरतील. अजून पाच एमएल टाकली असती तर नळीच बाहेर आली असती कदाचित. ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं, मी नळी हातानं धरून उभा, एकानं अंबू, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, तयार ठेवली, तोंड आणि घसा सक्शन केला, डॉक्टरांनी लॅरिंगोस्कोप घालून बघितलं, फुगा खरंच पट्ट्यांच्या मध्ये. हवा काढली, बघत बघत नळी खाली नेली, दाताला २१, परत हवा, गेज, २६. आवाज बंद, स्क्रीनवर ३७५. छातीला दोन्हीकडं हवा, सकाळी एक्स-रे. त्या पोरीच्या कानाशी जाऊन मी सांगितलं, बाई, नळी सरकली होती, बसवली, घाबरू नको. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं तिच्या.

नवीन सिस्टर रडवेली झाली होती. तिला रागवलो नाही, मी पण तेच केलं असतं तिच्या जागी. पण आता आमच्या आयसीयूत लीक म्हटलं की सिरिंजला हात लावायच्या आधी दोन आकडे वाचायचे, गेजचा आणि दातापाशी असलेला. प्रेशर २० च्या खाली असेल तर हवा घाला. प्रेशर चांगलं असून लीक असेल तर नळीची जागा बघा, नळी त्या माणसाला बारीक पडायलीय का बघा. आणि भरल्यावर थोड्या वेळात परत उतरत असेल तर झडप किंवा कफच फाटलाय, डॉक्टरांना बोलवा, नळी बदलावी लागेल.

तिची आई बाहेर पॅसेजमध्ये चटईवर असायची. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत आत आली आणि मी पाठ वळवली तेवढ्यात पदराखालून छोटी बाटली काढून पोरीच्या ओठांत चमचाभर तुळजापूरचं तीर्थ घातलं. मी पळत गेलो. ती घाबरून म्हणाली, "भाऊ, देवीचं तीर्थ हाय ओ, त्यानं काय व्हतंय?" मी आधी तोंड सक्शन केलं, मग तिला बाजूला नेऊन सांगितलं. मावशी, पोरीला गिळता येत नाही, जे तोंडात घालाल ते ह्या फुग्यावर जाऊन साचतं आणि बाजूनं छातीत उतरतं. फुगा आहे म्हणजे झाकण लागलंय असं नाही. तिला पायलट बलून दाखवला. "मग हे ठेवून देऊ?" तिनं विचारलं. ठेवून द्या म्हटलं, मी सांगेन तेव्हा द्या.

नातेवाईकांनो, विचारायला लाजू नका, कफचं प्रेशर मोजलं का, किती आहे. तुमचा अधिकार आहे तो, आणि चांगल्या स्टाफला त्याचा राग येत नाही. आणि ज्यांचं माणूस ट्रॅकिओस्टॉमीवर घरी आहे त्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवा, बोलायचा व्हॉल्व लावायच्या आधी कफ पूर्ण रिकामा पाहिजे. तो व्हॉल्व हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, बाहेर जायला वाट नळीच्या बाजूनंच असते. कफ फुगलेला राहिला तर हवा आत जात राहील आणि बाहेर पडायला जागाच नाही, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. घरी ज्याला ही नळी दिलीय त्यानं दवाखान्यातून निघायच्या आधी कफ सोडणं-भरणं सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं दोनतीन वेळा करून बघावं.

नवव्या दिवशी पोरीनं मान उचलून पाच सेकंद धरली. दुसऱ्या दिवशी मशीनचा आधार कमी करत आणला आणि नळी काढायचं ठरलं. काढायच्या आधी घसा स्वच्छ केला आणि कफमधली सगळी हवा सिरिंजनं ओढून घेतली, पायलट बलून कागदासारखा चपटा झाला. मग आम्ही सगळे वाकून कान देऊन थांबलो. नळीच्या बाजूनं हवा निघाली पाहिजे, नाही निघाली तर वर सूज आहे, काढल्यावर दम कोंडेल. गुरगुर आली, मोकळी, मोठी. डॉक्टर म्हणाले काढा.

खोकली जोरात, आवाज बसलेला होता पण घरघर नव्हती, मी श्वास आत घेताना मुद्दाम कान लावून ऐकलं. पहिल्यांदा पाणी मागितलं तिनं. लगेच देता येत नाही, इतके दिवस नळी असलेला घसा गिळायचं विसरतो. दुसऱ्या दिवशी बसवून, हनुवटी खाली घेऊन, चमच्यानं गिळून बघितलं, ठसका नाही लागला. मग मी पॅसेजमध्ये जाऊन मावशीला म्हटलं, ती बाटली आणा.